डब्यातलं शेत

शेत उचलून कुठंही नेता येतं, हे बॉस्टनच्या ‘फ्रेट फार्म्स’नं करून दाखवलं. ४० फुटी मालवाहू कंटेनर, आत लाल-निळे दिवे, मुळांना मोजून खतपाणी पाजणारे पंप आणि सगळ्यावर मोबाइलमधून नजर. चिखलात पाय घालायला नको. फक्त वायफाय जाता कामा नये. बाहेर ऊन फुकट पडलेलं असतं, आत मात्र त्याचं वीजबिल येतं. आणि एवढ्या थाटातून निघतं काय? लेट्यूस. म्हणजे पाला! ज्वारी-तांदळाचं नाव काढू नका, दिव्याखाली ती परवडत नाहीत. दुष्काळ नाही, गारपीट नाही, टोळधाड नाही. तरी २०२५च्या एप्रिलमध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. खऱ्या शेतीतलं तेवढं एकच तिनं जसंच्या तसं उचललं.