आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमचे एक मित्र सल्लागार आहेत. कसले, ते त्यांनाही नीटसं सांगता येत नाही; फी मात्र बिनचूक सांगतात. परवा चहा घेता घेता म्हणाले, "अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष गावोगाव कशाला हवा? सगळे फोन एका जागी घ्यावेत. खर्च वाचतो, कार्यक्षमता वाढते."

म्हटलं, "इंग्लंडनं हे करून पाहिलंय. जमाखर्च मांडू या?" वही काढली आणि मधोमध रेघ ओढली.

जमेची बाजू आधी, म्हणजे मन प्रसन्न राहतं. 2004 साली, जॉन प्रेस्कॉट उपपंतप्रधान असताना, त्यांच्या खात्यानं ठरवलं की इंग्लंडातल्या 46 स्थानिक कक्षांची कामं नऊ प्रादेशिक केंद्रांकडे द्यायची. नऊही केंद्रं एकाच संगणकप्रणालीनं जोडलेली. पूर आला, एकीकडे फोन तुंबले, तर दुसरीकडे कुणीतरी उचलणार. जवळचा बंब शेजारच्या परगण्याचा असला तरी तोच धावणार. यात नाव ठेवायला जागा नाही. कागदावर लागलेली आग कुठल्याही केंद्रातून विझते.

"बघ!" मित्र म्हणाले.

आता रेघेपलीकडे. संगणकप्रणालीचं मुख्य कंत्राट दिलं 2007 साली, आणि पहिल्या इमारती त्याच वर्षी उभ्या राहिल्या. त्याही वर्षानुवर्षांच्या भाडेकराराच्या. स्थळ पाहायचं बाकी, पण मंगल कार्यालय ठरलेलं. भाडं चालू, नवरदेवाचा पत्ता नाही. प्रणाली आज येते, उद्या येते, असं करत आलीच नाही. वातानुकूलित दालनं माणसांची वाट पाहत राहिली.

प्रकल्पाच्या चमूत निम्म्याहून अधिक सल्लागार आणि हंगामी मंडळी होती. हे वाक्य मी जरा मोठ्यानं वाचलं. मित्रांनी बशी उचलली.

शिवाय अग्निशमन दलं स्थानिक कारभाराखालची. प्रत्येकाची बंब धाडायची रीत वेगळी, शब्द वेगळे. त्यांना या केंद्रांत यायला भाग पाडण्याचा पुरेसा अधिकार खात्याकडे नव्हता आणि यायची हौस दलांना नव्हती. कक्षात फोन घेणाऱ्यांची शंका तर साधी होती. आपल्याकडे जसं तालुक्यागणिक पिंपळगाव, तसं तिकडे न्यूपोर्ट. वाइट बेटावर एक, श्रॉपशरात एक, एसेक्समध्ये एक. धुरात घुसमटलेला माणूस फोनवर जिल्हा सांगत बसत नाही. स्थानिक कक्षातल्या बाईला गाव, गल्ली आणि कोपऱ्यावरचा पब ठाऊक असतो.

डिसेंबर 2010 मध्ये प्रकल्प गुंडाळला. पुढच्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं हिशेब केला: किमान 46 कोटी 90 लाख पौंड वाया, आणि मूळ उद्दिष्टांपैकी एकही साध्य नाही. आगीवर पाणी ओतायचं ते पैशांवर ओतलं.

"इमारती तरी राहिल्या ना?" मित्र चिवट आहेत.

राहिल्या. लंडनची इमारत तिथल्या दलानं वापरायला घेतली. फेअरहॅमची गेली तटरक्षकांकडे. आगीसाठी बांधलेली वास्तू शेवटी समुद्रावर नजर ठेवू लागली. विझवण्याच्या खात्याला याहून समर्पक शेवट कोणता?

खरी गंमत पुढेच आहे. प्रकल्प मोडल्यावर सरकारनं सुमारे 8 कोटी पौंड स्थानिक दलांनाच दिले: तुमचे कक्ष तुम्हीच सुधारा. फेअरहॅम ज्या हॅम्पशरात आहे तिथलं दल, तसंच डॉर्सेट, विल्टशर, डेव्हन आणि सॉमरसेटची दलं एकत्र बसली. कक्ष आपापल्या जागी ठेवले, प्रणाली मात्र एकच घेतली. एकाकडे फोन तुंबले की दुसरा उचलतो. नऊ महालांत जे व्हायचं होतं, ते शेजाऱ्यांनी वाटी-वाटी साखरेच्या हिशेबानं करून टाकलं.

"म्हणजे माझंच बरोबर!" मित्र उसळले. "जोडणी हवीच."

"हवीच. पण महाल बांधण्याआधी फोन उचलणाऱ्या बाईला विचारायचं."

"त्याला किती खर्च येतो?"

"काहीच नाही."

मित्रांचा चेहरा पडला. "मग त्यात सल्लागाराचं काम काय?"