फर्मा नंबर सात

आमच्या सामूहिक कथासंग्रहाचे लेखक अकरा. पहिल्या बैठकीत सुचवले गेलेले छापखाने चौदा. कोल्हापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. इथं ज्याचा मेव्हणा प्रेसवाला नसतो त्याचा साडू बायंडर असतो, आणि ज्याला दोन्ही नसतात त्यानं कधी ना कधी लग्नपत्रिकांच्या नमुन्यांची जाडजूड वही काखेत मारून कमिशनवर कामं आणलेली असतात.

कथा निवडायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येकाची एक घ्यायची आणि ती दुसऱ्यानं वाचायची नाही, असं एकमतानं ठरलं. वाचली की मत होतं आणि मत झालं की मतभेद होतो, असं सर म्हणाले. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तेव्हा न वाचता पास करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा. छापखाना निवडायला मात्र पाच महिने गेले.

त्याचं श्रेय मामांना. मामांनी उभी हयात सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. "तीन कोटेशनं पायजेत. शिलबंद. नायतर ऑडिटात येतंय," ते म्हणाले. कुणाच्या ऑडिटात, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही. पाच जणांची छपाई उपसमिती नेमली गेली. त्यातल्या चौघांचे चार वेगवेगळे पाहुणे त्या चौदांमध्ये होते. पाचवा मी. माझा कुणी पाहुणा नव्हता, पण स्कूटर होती.

मग शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, उद्यमनगर अशा वाऱ्या सुरू झाल्या. दिवस ऑगस्टअखेरचे. साहित्यिकानं ऑगस्ट-सप्टेंबरात कोल्हापूरच्या प्रेसमध्ये पाऊल टाकू नये, हे मला आता कळलंय. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते आणि सभेआधी अहवाल सभासदाच्या हातात पडावा लागतो. जिल्ह्यात दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या किती, हे मोजायला बसू नका. नुसते प्रेसच्या दारातले गठ्ठे बघा. आम्ही गेलो त्या पहिल्याच ठिकाणी जिन्यापासून मशीनपर्यंत ताळेबंदांच्या भिंती उभ्या होत्या, आणि दोन भिंतींमधल्या बोळात मालक उभ्यानंच चहा पीत होते. शाईचा आणि रॉकेलचा वास. मशीनच्या खटखटीत बोलायचं म्हणजे ओरडायचं.

"किती पानं?"

"एकशे साठ."

"ताळेबंद पुढं घ्यायचा का मागं?"

"ताळेबंद नाही. कथा आहेत."

"म्हंजे चेअरमनचं मनोगत?"

"नाही हो. गोष्टी. आम्ही लिहिलेल्या."

मालकांनी कप खाली ठेवला. "सभासद किती?"

"अकरा."

"मग अकरा प्रती काढा की. झेरॉक्सवर हुत्यात. कशाला प्लेटा जाळताय?"

पाच महिन्यांत मिळालेला हा सर्वांत व्यवहारी सल्ला होता. म्हणून तो छापखाना तिथंच बाद झाला.

प्लेटांचं गणित वाचकांनाही सांगून ठेवतो. पुढंमागं उपयोगी पडेल, कारण हल्ली घरटी एक लेखक आहेच. डेमी आकाराच्या पुस्तकात सोळा पानांचा एक फर्मा धरतात. एकशे साठ पानं म्हणजे दहा फर्मे. ऑफसेटवर छापायचं तर प्रत्येक फर्म्याच्या प्लेटा कराव्या लागतात, मशीन लावावं लागतं, शाई जुळेपर्यंत कागद वाया घालवावा लागतो. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. डिजिटलला प्लेट नाही, पण पानाचा दर काही उतरत नाही. त्यामुळं थोड्या प्रती असल्या की डिजिटल आणि जास्त असल्या की ऑफसेट, इतका सरळ हिशेब आहे.

आणि याच सरळ हिशेबानं मराठी लेखक बुडतो. कारण प्रेसवाला कागदावर दोन आकडे लिहितो आणि कागद आपल्याकडं फिरवतो. तीनशे काढल्या तर प्रत एकशे दहाला. हजार काढल्या तर पासष्टला. पंचेचाळीस रुपये सुटले! या आनंदात माणूस घरी येतो आणि ज्या सातशे प्रती कुणीही मागितलेल्या नाहीत त्यांवर आपण किती वाचवले ते बायकोला सांगतो. ती फक्त दिवाणाखाली किती जागा आहे ते बघते. आमच्यात एलआयसीवाल्यांनी हजाराचा आग्रह धरला होता. "आज ना उद्या खपतील," ते म्हणाले. पॉलिसी वीस वर्षांनी पिकते यावर ज्याचं घर चाललं, त्याच्याशी वाद घालता येत नाही. शेवटी त्यांचा दिवाण बॉक्सचा नसून लोखंडी कॉट आहे असं निष्पन्न झालं आणि ठराव तीनशेवर आला. प्रत्येकी तीन हजार वर्गणी.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग लॅमिनेशन निघालं.

मुखपृष्ठाला मॅट की ग्लॉसी? मॅटवर बोटांचे डाग पडतात, ग्लॉसी ट्यूबलाइटखाली चमकतं. आठवड्यात दोन पॅनेलं उभी राहिली. मॅट पॅनेलकडं सर, दोन प्राध्यापक आणि ज्यांनी पुण्या-मुंबईची पुस्तकं हातात घेतली होती असे बाकीचे. ग्लॉसी पॅनेलचं नेतृत्व शिवाजी पेठेतल्या तालमीच्या आमच्या भाऊंकडं. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: "पुस्तक लांबनं दिसाय पायजे." मतदानाच्या आदल्या दिवशी ग्लॉसी पॅनेलनं कुंपणावरच्या तिघांना सहलीवर नेलं. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, येताना तांबडा-पांढरा. तिघेही परतल्यावर ग्लॉसीच्या बाजूनं इतकं मुद्देसूद बोलले, की असं त्यांच्या कथेत एखादं पात्र बोललं असतं तर कथा सुधारली असती. निकाल सहा विरुद्ध पाच. गुलाल उधळायचा राहिला, तो कागद खराब होईल म्हणून.

कागदावरून असंच झालं असतं, पण नॅचरल शेड म्हणजे काय हे कुणीतरी भाऊंना दाखवलं. "ह्यो तर पिवळा पडलेला कागद हाय. जुना माल पैसं दिऊन कशाला घ्यायचा?" विषय संपला. सत्तर जीएसएम, पांढरा.

मुखपृष्ठाचं काम सरांच्या पुतण्याला दिलं. मुलगा फ्लेक्स करतो आणि चांगले करतो. त्याच्या पहिल्या नमुन्यात अकरा लेखकांचे अकरा फोटो होते, पैकी चौघे गॉगलमध्ये. मागं उगवता सूर्य, खाली डरकाळी फोडणारा वाघ आणि उजव्या कोपऱ्यात 'शुभेच्छुक' असं लिहून मोकळी जागा. वाघ कशाला, तर तो फाईलमध्ये आधीपासूनच होता. फोटोंचा क्रम वयानं की वर्गणी भरल्याच्या तारखेनं, यावर एक बैठक गेली.

तेव्हा आमच्या वहिनी उठल्या. अकरांत खरंखुरं वाचणारं माणूस म्हणजे त्या एकट्या. "मी सांगतो ऐका," त्या म्हणाल्या. "अरुण कोलटकर आपल्या कोल्हापुरात जन्मले. १९७६ साली मुंबईत त्यांनी आणि आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी मिळून क्लिअरिंग हाऊस काढलं. प्रकाशकाच्या दारात न जाता आपली पुस्तकं आपणच छापली. मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. त्यातल्या 'जेजुरी'ला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. तिथं कुणाचा वाघ नव्हता."

क्लिअरिंग हाऊस म्हटल्यावर मामा सावरून बसले. "चेक वटवायचं?"

"नाही मामा. कविता."

मामा परत टेकले. भाऊ म्हणाले, "पर ते चौघंच हुते न्हवं? आपुन अकरा हाय." या आकड्याला वहिनींकडं उत्तर नव्हतं. वाघ मात्र गेला, एवढा कोलटकरांचा धाक.

प्रेस अखेर नवरात्रात ठरला. सगळ्यात कमी दराचा नव्हे आणि सगळ्यात चांगला नव्हे. अकरांपैकी एकाचाही पाहुणा नसलेला. सगळ्यांना तो सारखाच परका होता, म्हणून एकमत झालं.

मजकूर आम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला. डीटीपीच्या पोराकडं दहा वर्षांपूर्वीचा फॉन्ट. एका फॉन्टमधून दुसऱ्या फॉन्टमध्ये जाताना रफार एक घर पुढं सरकला आणि सरांच्या कथेच्या पहिल्याच ओळीत 'सूयर् मावळत होता' असं झालं. 'धमर्', 'कजर्', 'माचर्' वगैरे पुढं होतेच. प्रूफ तपासायला प्रत्येकाला स्वतःचीच कथा दिली होती, कारण दुसऱ्याची वाचायची नाही हा ठराव कायम होता. आपली कथा आपल्याला पाठ असते. पाठ असलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. सरांनी सही करून प्रूफ परत दिलं. सूयर् मावळतच राहिला. वहिनींच्या प्रेमकथेच्या चौदाही पानांवर 'वार्षिक अहवाल व ताळेबंद' असा मथळा आला होता. आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल. तो त्यांनी खोडला. पोरगं हळहळलं. "मॅडम, बरं दिसत होतं."

आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो हे कळल्यावर मामांना संशय आला. फुकट आहे म्हणजे पुढं हप्ते असणार. शिवाय १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. बैठकीत उत्साह पसरला. चार गिऱ्हाइकं नक्की झाली! ती पैसे देत नाहीत, उलट टपालखर्च आपलाच, असं मी सांगितलं. "म्हंजे पाव्हणंच की," भाऊ म्हणाले.

एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. पूर्वी १८६७ चा कायदा होता. प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं. आत काही भलतंसलतं निघालं तर कुणाला धरायचं हे साहेबाला कळावं, एवढाच त्याचा हेतू. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. तो फक्त नियतकालिकांचा आहे, पुस्तकं त्यातून सुटली. आमच्या प्रेसवाल्यांना हे कुठून कळलं कोण जाणे. शेवटचं प्रूफ चाळून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मग आमचं नाव न्हाई घाटलं तर चालतंय न्हवं?"

गठ्ठे प्रकाशनाच्या आदल्या रात्री आले. उघडून बघायला वेळ नव्हता, हार आणायचे होते.

अकरांत एक गृहस्थ होते ज्यांच्याबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, कारण पाच महिन्यांत ते काही बोललेच नाहीत. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. मॅट नाही, ग्लॉसी नाही, पन्हाळा नाही. वर्गणी सगळ्यात आधी भरून टाकली आणि कोपऱ्यात बसत राहिले. त्यांची कथा सातवी. पान सत्त्याण्णव ते एकशे बारा, म्हणजे बरोबर फर्मा नंबर सात. आणि एका गठ्ठ्यातल्या सत्तर-ऐंशी प्रतींमध्ये नेमका तो फर्मा बायंडिंगला उलटा लागला. डोकं खाली, शेवटचं पान पहिलं. वाचायचं तर पुस्तक पालथं घालून, वरची बाजू खाली करून मागून सुरू करायचं.

व्यासपीठावरच्या चारही प्रती त्याच गठ्ठ्यातल्या निघाल्या.

प्रमुख पाहुण्यांनी मोटारीत येता येता पुस्तक चाळायला घेतलं होतं. सहा कथा त्यांनी नेहमीप्रमाणे बोटांखालून सोडल्या. सातवीपाशी अडकले. पुस्तक फिरवलं, परत फिरवलं, आणि एवढे कष्ट झालेच आहेत तर म्हणून सोळाच्या सोळा पानं वाचली. भाषणाची पस्तीस मिनिटं ते त्या एकाच कथेवर बोलले. आशय आणि मांडणी यांचं असं अद्वैत त्यांनी मराठीत पाहिलं नव्हतं म्हणे. सभागृहात प्रत्येकजण पुस्तक उलटंपालटं करू लागला. कंडक्टरसाहेब तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. नेहमीसारखेच.

मी बायंडरला फोन लावला. "उलटा लागलाय हे खरं," तो म्हणाला, "पर वाचाय येतंय न्हवं?"

दुसऱ्या संग्रहाची पहिली बैठक परवा झाली. आपलीही कथा तशीच लावता येईल का, असं दोघांनी बैठकीआधी मला खाजगीत विचारलं होतं. एक सर, दुसरे एलआयसीवाले. बैठकीत विषय भाऊंनी उघडच काढला: एकट्याचाच फर्मा उलटा का, सगळ्यांना समान न्याय पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी वही उघडली.

"फर्मा उलटा लावायचा जादा दर काय पडतोय बघा. तीन कोटेशनं मागवा. शिलबंद."