पेनाबाई

सकाळी पावणेसातला दारावर टकटक व्हायची. एकदाच, तीही नखाने. दार उघडलं की बाहेर घरमालकीणबाई उभ्या: अंगावर लोकरीचा रुआना, केस चापूनचोपून बसवलेले आणि चेहरा कुणाला तरी नुकतं पोचवून आल्यासारखा. "के पेना कोन उस्तेद," त्या म्हणायच्या. म्हणजे, तुमच्यापुढे किती ही शरम! मग एक उसासा. मग 'पेरो'. पेरो म्हणजे पण. त्या पणाच्या पाठीमागे पाणी दुपारपर्यंत येणार नाही, भाडं अजून पोचलं नाही, किंवा माझ्या कुकरच्या शिट्टीने वरच्या आजी दचकून उठतात, यांपैकी काहीतरी दबा धरून बसलेलं असायचं.

कुकरचं मात्र मी मनावर घेतलं नाही. बोगोता 2,600 मीटरवर आहे. तिथे पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसलो असतो, तर वरच्या आजींची पंच्याहत्तरी आली असती.

चापिनेरो भागातल्या त्या घरात मी दीड वर्ष काढलं. बाईंचं नाव इथे सांगत नाही. मी मनातल्या मनात त्यांना पेनाबाई म्हणायचो. पण त्या एकट्या नव्हेत हे मला लवकरच कळलं. बोगोतात पेनाबाई बेकरीत असतात, बँकेत असतात, मिशा ठेवून टॅक्सीही चालवतात. बँकेतला पेनाबुवा सही मागत नाही, "मला तुमची सही भेट द्याल का?" असं विचारतो. कॉफीच्या टपरीवरही गिऱ्हाईक 'एक तिंतो भेट द्या' म्हणतं आणि मुकाट्याने पैसे मोजतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय दानशूर गाव आहे!

आमच्या ऑफिसात माद्रिदचा एक जण होता. तो तर चक्रावूनच गेला होता. त्याच्या स्पेनमध्ये पेना म्हणजे दुःख. "ही माणसं सकाळपासून कशाचा शोक करताहेत?" असं तो मला विचारायचा. कोलंबियात त्या शब्दाचा अर्थ संकोचाकडे, ओशाळेपणाकडे सरकला आहे, हे एका पुणेकराने माद्रिदवाल्याला समजावून सांगितलं. त्या सुखाची सर दुसऱ्या कशाला नाही.

पेनाबाईंचं शास्त्र असं: माफी चुकीनंतर मागायची नसते, आधी मागायची असते. घाव घालण्यापूर्वी तूप लावावं तशी. 'दिस्कुल्पे' हे रस्ता विचारताना, 'पेर्दोन' हे धक्का लागल्यावर, 'कोन पेर्मिसो' हे कुणाच्या पुढून जाताना. ही सगळी चिल्लर. पेना ही मोठी नोट. ती बाहेर निघाली की समजावं, खरेदी मोठी आहे. त्यातून त्या मला 'सुमेर्से' म्हणायला लागल्या की माझ्या पोटात गोळाच यायचा. सुमेर्से म्हणजे मुळात 'आपली कृपा'. समोरच्याला आधीच कृपाळू ठरवून टाकलं, की त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही.

आपल्याकडे हे कुठे आहे? आपण 'माफ करा' म्हणतो ते भिकाऱ्याला, आणि लगेच 'पुढे जा' म्हणतो. बाकी सगळीकडे 'सॉरी'वर भागतं. पाय लागला तर तेवढंही लागत नाही. त्या माणसाला हात लावून तो हात छातीशी नेला की झालं. ती सवय मी ट्रान्समिलेनियोच्या लाल बसमध्ये घेऊन गेलो. गर्दीत एका गृहस्थाच्या बुटावर पाय पडला. मी वाकलो, त्याच्या बाहीला बोटं लावली, हात छातीकडे नेला. तो म्हणाला, "पेर्दोन." बूट त्याचा, पाय माझा आणि माफी त्याची! तेवढ्यात दुसऱ्या हाताने त्याने खिशातलं पाकीट चाचपून घेतलं होतं.

टीव्हीसमोर बसलं की पेनाबाई राजकारण्यांच्या माफ्यांना गुण द्यायच्या. स्पेनच्या राजाला त्यांनी नापास केलं होतं. बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेलेले खुआन कार्लोस 2012 साली इस्पितळातून बाहेर पडताना म्हणाले होते: फार वाईट वाटतं, माझं चुकलं, पुन्हा असं होणार नाही. स्पॅनिशमध्ये मोजून अकरा शब्द. "आणि त्यात एक पेरो नाही!" बाई म्हणाल्या. "असं कधी माफी मागतात का?" राजाने 2014 मध्ये गादी सोडली. बाईंच्या मते या दोन गोष्टींचा संबंध उघड होता.

एका रविवारी मी त्यांची ओयेता गॅसवर विसरलो. ओयेता म्हणजे तिथलं चॉकलेट करायचं उभट भांडं. हिचा अॅल्युमिनियमचा तळ तर त्यांच्या आईच्या काळापासून झिजत आलेला. धुराने घर भरलं. मी वर धावलो आणि क्लासातल्या तिसऱ्या धड्यात शिकलेलं सगळ्यात भारी वाक्य, आवाज खाली आणून, टाकलं: "लो सिएन्तो मूचो." म्हणजे, फार वाईट वाटतं.

पेनाबाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हातात पुदिन्याचा गरम काढा दिला आणि हळूच विचारलं, "इंडियात कोण गेलं?"

लो सिएन्तो त्या घरात मयतालाच म्हणत. भांडं जळलं आहे, माणसं सगळी धडधाकट आहेत, हे पटवून द्यायला मला दहा मिनिटं लागली. त्यात माझा 'र' मराठी, घट्ट. 'पेरो' म्हणायला जावं तर त्याचा 'पेर्रो', म्हणजे कुत्रा व्हायचा. त्यामुळे मधल्या काळात एक कुत्राही दगावला. शेवटी बाईंच्या लक्षात आलं आणि त्या मोकळ्या हसल्या. "आह, से ले केमो!"

हे ऐकून मी काढ्याचा पेला खाली ठेवला. 'तुम्ही जाळलीत' असं त्या म्हणाल्याच नाहीत. ओयेता जळली, आणि जळताना मी तिच्या जवळपास होतो, एवढंच त्या क्रियापदात होतं. आपलं 'हातून कप फुटला' अगदी याच घराण्यातलं. फुटणारा कप, फुटण्याचं काम कपाचं, आपला फक्त हात तिथून चाललेला. मला त्या क्षणी घरची फार आठवण आली.

पाच तारखेला दाराखालून भाड्याची चिठ्ठी आली. सुबक अक्षरात वर 'के पेना कोन उस्तेद, सुमेर्से'. त्याखाली 'पेरो'. त्याखाली भाडं, अधिक नवी ओयेता, 40,000 पेसो. जुनी त्यांनी चिठ्ठीसोबत दाराशी ठेवली होती. कोथरूडच्या घरी माझा सकाळचा चहा अजून तिच्यातच होतो. बूड काळंच आहे.