दह्याचे वकील

कोपराच्या खळगीत इसब उठलं की डॉक्टरांच्या आधी सोसायटी तपासायला येते. प्रश्न ठरलेला: ‘दही खाता का?’ ‘हो’ म्हणालात, तर ‘तरीच! बंद करा.’ ‘नाही’ म्हणालात, तर ‘तरीच! सुरू करा.’ त्वचा तुमची असली, तरी खाज सल्ला देणाऱ्यांना असते.

‘बंद करा’वाल्यांकडे आयुर्वेदाचा साक्षात वाग्भट आहे. दही रात्री नको, गरम करून नको, वसंत, ग्रीष्म, शरदात नको. नियम मोडल्यास ज्वर, विसर्प, कुष्ठ. हे सांगणारे काका गुढीपाडव्याला, म्हणजे ऐन वसंतात, श्रीखंडाची तिसरी वाटी पुढे करतात. वाग्भटाने दह्यासोबत साखर चालेल म्हटलं आहे, तेवढं मात्र काका कसोशीने पाळतात.

‘सुरू करा’वाल्यांचा साक्षीदार पॅरिसचा. इल्या मेच्निकॉव्ह यांनी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय आंबट दुधाला दिलं, आणि १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं. ते मिळालं रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. पण जाहिरातीत एवढं लिहायला जागा कुठली! स्वतः रोज आंबट दूध पिऊन ते एकाहत्तराव्या वर्षी गेले, हेही तिथे मावत नाही.

मग फिनलंड येतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या संशोधकांनी ॲलर्जीचा वारसा असलेल्या घरांतल्या गरोदर बायकांना आणि नंतर बाळांना एक विशिष्ट जिवाणू दिला. दुसऱ्या वर्षापर्यंत त्या मुलांमध्ये इसबाचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. मोठीच गोष्ट! फक्त तो जिवाणू प्रयोगशाळेत निवडलेला, मोजून दिलेला, आणि इसब होऊ नये म्हणून दिलेला. आपण झालेल्या इसबावर शेजारच्या वहिनींकडून मागून आणलेलं विरजण लावतो. त्यात कोण राहतं, हे वहिनींनाही ठाऊक नाही.

इसब झालेल्यांचंही बघितलं गेलं. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या, सुमारे २,६०० रुग्ण. असे जिवाणू देऊन खाज आणि झोपमोड यांत फारसा फरक पडला नाही. ही बातमी कुणी पुढे पाठवली नाही.

दरम्यान, त्वचेचे डॉक्टर सांगत असतात: कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, रोज, आणि दिलेलं मलम सांगितलं तितके दिवस. दही सोसत असेल तर खा. सोसायटीच्या ग्रुपवर या संदेशाला अजून एकही अंगठा आलेला नाही.