अर्धा आटा

कास्ट आयर्न बुलेट बाळगणारा गृहस्थ ओळखायचा तो उजव्या हाताच्या दोन बोटांवरून. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर मांडी घालून तो सिलिंडरच्या उजव्या अंगाचं, एकाच नटावर बसलेलं झाकण काढतो. अँपमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबून पिस्टन वर आणतो आणि खालच्या कॅमचा धक्का वरच्या व्हॉल्व्हपर्यंत नेणारा आतला पुशरॉड अंगठा-तर्जनीत धरून जपमाळ ओढल्यासारखा फिरवत बसतो. नियम साधा आहे: इंजिन थंड असताना रॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. तेवढं साधलं की चेकनट आवळायचा, झाकण लावायचं आणि हात धुवायचे. या गृहस्थाला मात्र जेवणाची तिसरी हाक आली तरी अर्धा आटा कमी की जास्त याचा निकाल लागत नाही. (आटा नक्की कुणाचा ढिला, यावर घरात दुमत नाही.)

त्याचं मत असं की लांबी कमी-जास्त करता येणारा पुशरॉड हाच खरा पुशरॉड. बुलेटच्याच कंपनीच्या 2009 च्या क्लासिकमध्ये आलेले ठरावीक लांबीचे रॉड आणि हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे मालकाला गाडीपासून तोडायचं कारस्थान. पुरावा नेमका उलट बोलतो. वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो, भाग झिजतात, रॉडवरची फट बदलते. ती सांभाळायला जुन्या इंजिनात दुसरी सोय नव्हती, म्हणून रॉडला आटे दिले. हायड्रॉलिक टॅपेट तेच काम ऑइलच्या दाबावर, गाडी चालता चालता, कुणाला न सांगता करतो. तिथे ॲडजस्टेबल रॉड घालणं म्हणजे थोडं जादा वजन आणि सैल होऊ शकणारा आणखी एक नट पदरात पाडून घेणं. आटे ही जुन्या इंजिनाची गरज होती. आपल्या गृहस्थाने त्या गरजेचाच गुण केला, जसे काही लोक घरची माणसं एकत्र बसायची म्हणून लोडशेडिंगचे गोडवे गातात.

यावर तो हार्लेचा दाखला काढतो. हायड्रॉलिक टॅपेट असूनही अमेरिकेतले लोक ॲडजस्टेबल रॉड घालतातच की! घालतात, पण कारणाने. कॅम बदलला किंवा हेड घासून घेतलं की लागणारी लांबी बदलते. शिवाय असा रॉड आखडून घातला तर रॉकरबॉक्स न उघडता कॅम बदलता येतो आणि मजुरी वाचते. आपल्या गृहस्थाने इंजिनात आजवर बदललंय ते फक्त ऑइल. त्याचा दुसरा मुद्दा मात्र सहज झटकता येत नाही: हाताने टॅपेट लावणाऱ्याला इंजिन ऐकू येतं. हे खरं आहे. टॅपेट किंचित वाजत असेल तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही. ते अगदी गप्प झालं की दचकावं. रॉड घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गप्प बसण्यातला हा धोका त्याला चार गाड्यांच्या गोंगाटातही कळतो; जेवणाची तिसरी हाक तेवढी कळत नाही. तेव्हा ज्याला गाडी चालवायची आहे त्याने ठरावीक लांबीच्या रॉडवर सुखाने राहावं. ज्याला ती उघडायची आहे त्याच्याकडे जुनी बुलेट आहेच, आणि तिच्यात आटे कंपनीनेच दिलेत. भांडण आहे कुठे?

भांडण आहे ते काळाशी. 2020 च्या मीटिऑरमध्ये कॅमच वर हेडमध्ये गेला, 2023 मध्ये खुद्द बुलेट 350 तेच इंजिन घेऊन आली, म्हणजे पुशरॉड हा विषयच संपला. शेजाऱ्याची नवी बुलेट पार्किंगमध्ये लागली की आपला गृहस्थ तिच्या उजव्या अंगाला उकिडवा बसतो, सिलिंडरच्या बुडाशी ते झाकण शोधतो आणि दोन बोटं एकमेकांवर चोळत उठतो.