आमूलाग्र बदलसाहेबांना अनावृत पत्र

रा. रा. आमूलाग्र बदलसाहेब यांस,
मु. पो. जाहीरनामा, पान पहिलं.

सा. न. वि. वि.

लोणी देवकर (ता. इंदापूर, जि. पुणे) आणि पंचक्रोशीतल्या मतदाराबद्दल आपली तक्रार चर्चासत्रांतून आणि अग्रलेखांतून वारंवार येते. पाटसचा टोल भरून, भिगवण मागे टाकून ती इथवर येते, म्हणून जरा उशिरा पोचते. तक्रारीचा मजकूर असा : हा मतदार ऊस सोडत नाही, साखर कारखाना सोडत नाही, ठरावीक आडनावं सोडत नाही. आपण दारात उभे राहिलात की तो आतून कडी लावून घेतो. सबब तो एकतर भित्रा आहे, नाहीतर अडाणी.

आरोप गंभीर आहे. त्यामुळे आधी दप्तर काढून पाहिलं. दप्तर सांगतं, की आपण या भागात नवखे नाही. आपलं येणं-जाणं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, आणि कुठल्या खेपेला काय दिलंत, काय नेलंत, याचा हिशेब गावाला आपल्यापेक्षा बरा पाठ आहे.

पहिली खेप 1885 च्या सुमाराची. दुष्काळावर उपाय म्हणून इंग्रज सरकारने काढलेला नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूरच्या दिशेने आला. पाणी दिसताच शेतकरी त्यावर तुटून पडेल, अशी सरकारची अटकळ होती. शेतकऱ्याने पाऊस बरा झालेल्या वर्षी कालव्याकडे पाठ फिरवली आणि अवर्षण पडलं की मागणी नोंदवायला धाव घेतली. दख्खनच्या कालव्यांचा जमाखर्च त्यामुळे कित्येक वर्षं जुळेना. सरकारला हे वागणं कोड्यात टाकणारं वाटलं. शेतकऱ्याला त्यात काहीच कोडं नव्हतं. ज्वारी पावसावर येत होती. पाणीपट्टी मात्र पाऊस पडला म्हणून माफ होत नव्हती. ऊस लावायचा तर वर्ष-दीड वर्ष पैसा अडकणार, खत विकत आणावं लागणार, आणि मधल्या काळात सावकाराचं तोंड बघावं लागणार. मग सासवडकडचे माळी आले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं पेटवली. स्थानिक माणूस बांधावर उभा राहून बघत राहिला. पुरतं बघून झाल्यावर त्याने ऊस लावला, आणि आता तो सोडत नाही.

तेव्हा ऊस लावत नाही म्हणून तो मागासलेला होता, आज ऊस सोडत नाही म्हणून मागासलेला आहे. मधल्या काळात एखादी पिढी तरी पुढारलेली असणार, पण तसं प्रशस्तिपत्र कुणी दिल्याची नोंद दप्तरात सापडली नाही.

दुसऱ्या खेपेला आपण कायद्याचा वेष घेऊन आलात. वालचंद हिराचंद यांनी 1930 च्या दशकात उभं केलेलं वालचंदनगर याच तालुक्यात आहे. तिथल्या ऊसमळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतलेल्या होत्या. 1961 चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, साखर कंपन्यांकडच्या जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या आणि 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. समाजवादाच्या दृष्टीने मोठंच पाऊल. फक्त खंडाने जमीन दिलेल्या मूळ कुटुंबांना, म्हणजे ज्यांना सगळे ‘खंडकरी’ म्हणतात त्यांना, आपली जमीन परत मिळायला सुरुवात व्हावी म्हणून 2012 च्या आसपासपर्यंत थांबावं लागलं. कंपनीची पाटी गेली, महामंडळाची लागली, आणि आजोबाचा अर्ज नातू पुढे चालवत राहिला.

तिसरी खेप लोणी देवकरच्या अगदी उंबऱ्यावरची. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. शेजारच्या पळसदेवचं जुनं गाव पाण्याखाली गेलं, नदीकाठची काळी गेली, माणसं वर माळाला येऊन बसली. धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यात निम्म्याहून अधिक मृतसाठा. त्यामुळे इथे धरण ‘अधिक’ आणि ‘उणे’ टक्क्यांत मोजतात. उन्हाळ्यात उणे फार खोल गेलं की पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं आणि पुण्याहून कॅमेरे येतात. आपली आठवण ज्या गावाला अशी अधूनमधून पाण्यातून वर येऊन होते, त्याने आपल्याला पाहून टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तरी हे गाव रडत बसलेलं नाही. उठलेल्या लोकांनी कर्ज काढून पाणलोटात मोटारी टाकल्या, जलवाहिन्या माळावर चढवल्या, ऊस आणि केळी उभी केली. म्हणजे आपण जे अर्धवट सोडून गेलात ते त्यांनी पुरं केलं. सरकारी पाण्याचा अनुभव मात्र निराळा. 2021 च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. खडकवासला कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला, बसलेल्या माणसाला कागदावरच्या पाण्याची सवय असते. पण एवढ्या लवकर आटलेलं पाणी त्यानेही क्वचितच पाहिलं असेल.

साहेब, या वागण्याचा उलगडा अर्थशास्त्रात झालेला आहे. राकेल फर्नांडिस आणि दानी रॉड्रिक यांनी 1991 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिलं, की एखाद्या बदलाने बहुसंख्यांचं भलं होणार हे सगळ्यांना ठाऊक असलं, तरी भलं नेमकं कुणाचं होणार हे आधी कळत नसेल, तर तीच बहुसंख्या त्याच्याविरुद्ध मत देऊ शकते. आणि त्यात अडाणीपणा मुळीच नसतो.

हा निबंध लोणी देवकरला कुणी वाचून दाखवायची गरज नाही. पुणे-सोलापूर महामार्गालगत तिथे औद्योगिक वसाहत आहे. वसाहतीसाठी जाणारी जमीन गट नंबरासकट ठरलेली असते. येणारी नोकरी ‘स्थानिक युवकांना’ असते. राज्याच्या धोरणात 80 टक्के स्थानिकांचा आकडा फार जुना आहे, परंतु त्या 80 टक्क्यांत आपल्या घरातला पोरगा बसतो का, आणि बसला तर कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराच्या, हे कुठल्याही सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. तोट्याला नाव आणि तारीख असते, फायद्याला दोन्ही नसतं. अशा व्यवहाराला बाजारात कुणी विसार देत नाही. मतदान केंद्रात द्यावा, असा आपला आग्रह आहे.

आता मतदार बदलत नाही, हा मुद्दा. इंदापूर विधानसभेच्या 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही लढती मुख्यतः दत्तात्रय भरणे आणि हर्षवर्धन पाटील यांच्यात झाल्या. पाटील 2014 ला हातावर लढले, 2019 ला कमळावर, 2024 ला तुतारीवर. त्याआधी 1995 पासून सलग तीनदा ते अपक्ष निवडून आले होते. भरण्यांचं घड्याळ तिन्ही वेळा तेच राहिलं, मधल्या काळात घड्याळाची मालकीच दुसरीकडे गेली. दोन उमेदवारांत एवढी उलथापालथ झाल्यावर निदान मतदाराने तरी जागेवर राहावं, हे सोयीचंच म्हणायचं.

तोही राहिला नाही, ही गंमत. 2024 च्या लोकसभेला हे दोन्ही नेते सुनेत्रा पवार यांच्या बाजूला होते. इंदापूरने आघाडी दिली सुप्रिया सुळे यांना, आणि बारामती मतदारसंघातून त्या 1,58,333 मतांनी निवडून आल्या. सहा महिन्यांत विधानसभा आली. त्याच बारामतीने अजित पवार यांना 1,00,899 मतांनी निवडून दिलं आणि इंदापूरने भरणे यांना. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे वाक्य पारावर आधीच ठरलेलं होतं. दहा वर्षं मागे गेलं तर 2009 ला तीन लाखांहून मोठी असलेली सुळे यांची आघाडी 2014 ला महादेव जानकर यांच्यासमोर 69,719 वर आली होती. 2015 मध्ये माळेगाव कारखान्याच्या सभासदांनी, खुद्द बारामती तालुक्यात, पवारांच्या पॅनेलला हरवून तावरे गटाकडे सत्ता दिली. 2020 ला ती परत घेतली, आणि 2025 ला तर 21 पैकी 20 जागा अजित पवारांच्या पॅनेलला दिल्या. ज्या निवडणुकीत चूक झाली तर पाच वर्षांत दुरुस्त करता येते आणि नफा-तोटा उसाच्या बिलावर दिसतो, तिथे हा मतदार बेधडक बदल करतो.

मोठ्या बदलाला तो हा मान देत नाही, कारण मोठा बदल बिघडला तर फोन कुणाला करायचा, ते कळत नाही. डीपी जळाला, उसाला तुरा आला तरी तोड मिळेना, टोळीने वर पैसे मागितले, चिटबॉय फोन उचलेना, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं राहिलं : यातल्या प्रत्येक अडचणीला या भागात एक माणूस आणि त्याचा एक मोबाईल नंबर आहे. त्या नंबराची किंमत दर पाच वर्षांनी मतात चुकवावी लागते, हे मतदाराला पक्कं ठाऊक आहे. ती व्यवस्था न्याय्य आहे, असं तो म्हणत नाही. तिथे फोन उचलला जातो, एवढंच म्हणतो. आपल्या जाहीरनाम्यावर जो नंबर छापलेला असतो, तो निकालानंतर सेवेत नसतो.

उदाहरणं हवीत? 2014 च्या जुलैमध्ये धनगर आरक्षणासाठी बारामतीत उपोषण झालं. सत्ता आली तर मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत प्रश्न सोडवू, असं आश्वासन देवेंद्र फडणवीस यांनी तिथे दिलं. सत्ता आली. अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी पुढे न्यायालयात गेली आणि 2024 च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. 2016 च्या नोव्हेंबरात आपण रात्री आठ वाजता टीव्हीवर आलात. जुन्या नोटा स्वीकारायला जिल्हा सहकारी बँकांना 14 नोव्हेंबरपासून बंदी झाली. गावात शाखा असते ती बहुधा याच बँकेची, आणि दिवस रब्बीच्या पेरणीचे. त्या आठवड्यात आपण कुणाचाच फोन उचलला नाहीत.

आणि तरीही, साहेब, हाच माणूस आपल्याला घरात घेतो. आपण लहान होऊन आलात तर. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड यांच्यासह कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेण्याचा प्रयोग मांडला. शेतात हवामान यंत्र, आकाशात उपग्रह, मोबाईलवर निरोप, की आज पाणी द्या, उद्या नको. 2025 च्या आरंभी सत्या नडेला यांनी त्याचं कौतुक केलं. जी मंडळी आपल्या लेखी अडाणी, ती या प्रयोगासाठी नाव नोंदवायला पुढे झाली. इंदापूरची डाळिंबं आणि पेरूही सरकारी हुकुमाने उभे राहिलेले नाहीत. एका एकरावर करून बघायचं, जमलं तर वाढवायचं, फसलं तर मोडायचं. याउलट 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. तोच ठिबक, तोच ऊस, तोच शेतकरी. सक्तीचा निर्णय फाईलमध्ये राहिला आणि पाट वाहत राहिला.

मतदाराची वकिली इथे थांबवायला हवी, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीच्या चार-पाच टक्क्यांवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा पितो. तुटीच्या खोऱ्यांत त्याला आवर घाला, असं माधवराव चितळे यांच्या आयोगाने 1999 मध्येच सुचवलं होतं. आयोगाचा अहवाल कुणी खोडून काढला नाही, त्याच्यासाठी मतही कुणी दिलं नाही. शिवाय ज्या मोबाईल नंबराचं एवढं कौतुक झालं, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये नसतो. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीकडे तो नसतो, भूमिहीनाकडे नसतो, आणि घरातल्या सुनेच्या फोनमध्ये बरेचदा नसतो. 2024 च्या ऑगस्टपासून महिन्याला 1,500 रुपये थेट तिच्या खात्यावर जमा होऊ लागले, तेव्हा रक्कम, तारीख आणि खातं या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असा बदल तिने कदाचित पहिल्यांदाच पाहिला. तिच्या मताला ‘रेवडी’ म्हणण्याआधी आपण आपल्या जुन्या आश्वासनांवरच्या तारखा बघाव्यात.

आपण पुन्हा येणार, हे दिसतंच आहे. येताना जाहीरनामा नाही आणला तरी चालेल. नफा-तोटा गावनिहाय लिहून आणा, पहिली तीन वर्षं तोटा कोण भरणार त्याच्या सहीसकट. आणि यायचंच असेल तर सप्टेंबरात, कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला या. मंडपात खुर्च्या असतात, चहा असतो, अहवालाची छापील प्रत मिळते. विषय वाचून व्हायच्या आत मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो. त्या आवाजाच्या आधी माईक हातात मिळेल, अशी काही व्यवस्था आपल्याला करता आली, तर सभासद ऐकून घेतील.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
टेलचा एक मतदार
(नाव यादीत आहे. मागच्या वेळी नव्हतं.)