टायर पाहावेत घेऊन

एसयूव्ही घेताना आम्हाला कोणी फारसा सल्ला दिला नाही. कर्ज आमचं, हप्ते आमचे, म्हणून रंगही आमच्याच पसंतीचा झाला. पण तिचे टायर झिजल्याची बातमी फुटली आणि सगळी सोसायटी जागी झाली. टायरच्या खाचांत 1.6 मिलिमीटर उंचीची एक खूण असते. रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. ती खूण आम्हाला पंक्चरवाल्या अण्णांनी दाखवली आणि मग अख्ख्या पार्किंगने वाकून पाहिली.

तळमजल्यावरचे नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. "बाजूची भिंत जाड असेल तोच टायर घे," ते म्हणाले, "खड्डे काही जात नाहीत." आवाजात आयुष्यभराच्या अनुभवाची खात्री होती. मामा भांडुपचे. सिएटचा कारखाना भांडुपचा, म्हणून ती कंपनी त्यांना घरची वाटते. ती मूळची इटलीतल्या तुरिनची, असं मी सांगून पाहिलं. "माहेर कुठलंही असू दे, नांदली भांडुपला ना?" विषय संपला. माझं स्वतःचं मत एमआरएफकडे झुकत होतं, आणि त्यामागे तांत्रिक कारण काहीही नव्हतं. लहानपणी ज्याने बॅटवर स्केचपेनने ती तीन अक्षरं काढली आहेत, त्याला कारण विचारू नये.

भाच्याला मात्र हवे होते ऑल-टेरेन, पांढऱ्या अक्षरांचे. "चिखल, वाळू, खडक, कशावरूनही जाते गाडी!" आमची गाडी कोथरूडहून मंडईत जाते. वाटेत चिखल, वाळू आणि खडक तिन्ही लागतात हे खरं, पण ते खोदकामाचे. शिवाय असे टायर हायवेवर घोंघावतात आणि ॲव्हरेज खातात. त्यावर त्याने दुसरा हट्ट धरला: निदान रुंद तरी घाल, 235 चे.

आमचं माप 215/60 आर 17. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 17 इंची. मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत नांदवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. त्याच मापात 215 च्या जागी 235 घातले, तर चाकाचा व्यास साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटरला हे कोणी कळवत नाही. काटा मूळचा बिनचूक असेल, तर समृद्धी महामार्गावर काटा शहाण्यासारखा 120 वर, गाडी 124 वर आणि चलान घरी.

मापापुढे 96 एच असंही लिहिलेलं. 96 म्हणजे एका टायरने 710 किलो पेलायचे. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत पळायचं. संध्याकाळी कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभं असताना हे आठवलं की टायरची कीव येते.

दुकानात बायकोने किमतीआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. 1822. म्हणजे 2022 सालचा अठरावा आठवडा.

"मॅडम, मुरलेलं रबर चांगलं."

"लोणचं घ्यायला नाही आलो आम्ही."

ताजा माल आतून निघाला. मग दुकानदाराने नायट्रोजनचा आग्रह धरला. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन फुकटच असतो. उरलेल्या 22 टक्क्यांसाठी चार चाकांचे पैसे मोजायला ती तयार नव्हती. तिची अट एकच होती: "पावसाळ्यात ताम्हिणीत ब्रेक दाबला की थांबतील, ते द्या."

"ते रबर मऊ असतं, मॅडम. लवकर झिजेल."

"झिजू दे. थांबायलाच घेतोय."

पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद खाचांचे, मूळ मापाचेच टायर बसले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. नानांनी भिंत दाबून पाहिली आणि हरकत घेतली नाही. मामा अजून बोलत नाहीत.

वाचकहो, तुमचं काम सोपं आहे. डिकीतली गादी उचला आणि स्टेपनीवरचे ते चार आकडे वाचा. रस्त्याला न लागताही रबर म्हातारं होतंच. आणि तिच्यात हवाही भरून घ्या; असलेली बहुधा शोरूमवाल्यांनीच भरलेली असेल.